तीन बोटं उभी

भीमसिंगकाकाने बैलाचं तोंड उघडलं तर ते बैलालाही उशिरा कळतं. डावा हात नाकपुड्यांवर, उजव्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत, जिथे दात नसतात तिथे. जीभ बाजूला, दात मोजून झाले, तोंड बंद. बैल विचार करत राहतो की आत्ता काय झालं, आणि तोवर काका मालकाला सांगून मोकळा: "चार दाती म्हणता आन् आठी दात जुळलेला घेऊन येता? माह्याच बाजारात?"

उमरखेडच्या गुरांच्या बाजारात तो दलाली करतो. त्याचा बाप हेच करायचा, आणि बापाचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव फिरायचा. आमच्या तांड्यात आता सगळ्यांची शेती आहे, कापूस आहे, सोयाबीन आहे, काकाचीही आहे. पण शेतात तो मुका असतो. बोलतो तो बाजारात. खांद्यावरचा दुपट्टा विकणाऱ्याच्या हातावर टाकायचा, खालून बोटं धरून भाव ठरवायचा, आणि वरून जगाला ऐकू जाईल असं वेगळंच बोलायचं. शेवटी एक ठरलेलं वाक्य:

"पाहून घ्या, दाबून घ्या, चालवून घ्या. आजचा बैल मी देतो. उद्याचं मी सांगत नाही."

तांड्यातली पोरं या वाक्याची नक्कल करत. कमरेवर हात, छाती पुढे, तोंड हंड्यासारखं उघडं. रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा आवाज आला की नक्कल जमली. काका ऐकायचा आणि वरून दुरुस्ती सुचवायचा: "पोट आत घे बे. मी का तुया बाप हाओ का, पोट काढून चालाले?"

गेल्या पोळ्यानंतर ही नक्कल बिघडली. पोरं तीच, दुपट्टा तोच, पण काकासारखं वाटेना. शेवटी शेजारच्या ओमला ते सापडलं. दात आवळायचे, जबडा हलू द्यायचा नाही आणि नुसत्या ओठांनी बोलायचं. "पहून घ्या, दबून घ्या, चलवून घ्या. अजचा बैल मी देतो." सगळे 'आ' आखडून गेलेले. हुबेहूब काका. पोरं हसून हसून कुंपणावर पडली.

कुंपणाच्या पलीकडे काका बैलांना पाणी पाजत होता. त्याने बादली खाली ठेवली. या खेपेला काही दुरुस्ती सांगितली नाही. घरात निघून गेला.

घरात मानीकाकीला हे आधीच दिसलं होतं, पण वेगळ्या बाजूने. ज्या माणसाला ठेचा जिभेला चटका देईल असाच लागायचा, तो भाकर दुधात कुस्करून खायला लागला होता. घास केवढा, तर चिमणीला घालावा तेवढा.

"काहून, सासरी आले का तुमी?" काकीने विचारलं. "लाजून लाजून खाऊन राह्यले."

"दात दुखते."

"कोन्ता?"

"सगळेच."

त्या दुपारी काका मोटारसायकलच्या आरशासमोर उकिडवा बसला. एका हातात मोबाइलचा उजेड, दुसऱ्या हाताने गाल ओढलेला. हजारो बैलांची तोंडं उघडणाऱ्याला स्वतःचं तोंड उघडता येईना. फट पडली तेवढ्यातून दिसलं ते असं: डाव्या गालाच्या आत पांढरं, थंड दुधावर साय धरते तसं. बोट लावलं तर ताठ. आणि त्याच्या काठाला ज्वारीच्या दाण्याएवढी लाल जखम.

काकाने गाल झटकन सोडला. कारण हे काय आहे ते त्याला ठाऊक होतं. म्हणजे त्याला तसं वाटलं.

झालं असं होतं. पावसाळ्यात बाजारात एक बैल आला होता. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि तो एक पाय झटकत होता. काकाने तोंड उघडलं, आत लाळ्या-खुरकुताचे फोड पाहिले आणि मालकाला म्हणाला, "खुरी हाये. लोकाईनं पाहाच्या आंधी घरी ने." मग दुपट्ट्याला हात पुसला. खिशातून खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याची, पन्नी काढली, त्याच हाताने घोटली, त्याच बोटांनी चिमूट उचलून डाव्या गालात ठेवली. नेहमीसारखी.

आता त्याच गालात जखम. मिरची सोसत नाही, चावता येत नाही. बैलाला असंच होतं. काकाने निदान पक्कं केलं: मले खुरी लागली.

भीती मरणाची नव्हती. खुरीने जनावर सहसा मरत नाही, हे त्याला माहीत होतं. भीती बाजाराची होती. एका साली खुरीचा बैल बाजारात सापडला, तेव्हा त्याच्या खुंट्याभोवतीची जागा अशी रिकामी झाली होती की जणू तिथे विहीर खचली. त्या वेळी सगळ्यात मोठ्याने ओरडणारा काकाच होता. आता ज्या दलालाच्या तोंडातच खुरी, त्याला आपल्या बैलाला हात कोण लावू देईल? आणि गोठ्यातली स्वतःची जोडी?

मग घरात विचित्र प्रकार सुरू झाले. काका बैलांच्या जवळ जाईना. चारा-पाणी काकीवर आलं. तुरटीच्या पाण्याने दिवसभर गुळण्या. गालाला आतून हळद आणि गूळ, जसं बैलाला लावतात तसं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, खाट ओसरीच्या पार टोकाला. खर्रा तेवढा चालू होता, कारण खर्र्याचा खुरीशी काय संबंध?

काकीने थोडे दिवस पाहिलं आणि मग सरळ विचारलं, "कोन हाये थे?"

"कोन?"

"जिच्यापायी ताट वेगळं केलं थे."

काकाने आजूबाजूला पाहिलं, आवाज उतरवला आणि सांगितलं, "बाई नाही. खुरी हाये."

काकी हसायला लागली. तिचं हसू सुरू झालं की पदर तोंडात कोंबावा लागतो. पण तिने त्याचा चेहरा पाहिला. काकाच्या कपाळावर घाम होता, आणि थंडीचे दिवस होते. पदर तसाच तोंडापाशी राहिला.

"मंग गुराच्या डॉक्टरले दाखवा," ती म्हणाली. टोमणा होता की सल्ला, तिलाही माहीत नसावं.

काकाने तो लगेच मानला नाही. बाजाराने मानायला लावला. विठ्ठलराव म्हणून एक जुने गिऱ्हाईक आहेत, कापसाचे मोठे शेतकरी, दर दोन-तीन वर्षांनी जोडी बदलतात आणि काकाशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. बोलताना त्यांचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात जातो, म्हणून प्रत्येक वाक्याच्या मध्ये एक थांबा. त्यांनी एक बैल पसंत केला.

"भीमसिंग, दात पाह्य."

काका हात पाठीमागे बांधून उभा. "मालक दाखवते नं. दाखव भाऊ, तूच उघड तोंड."

विठ्ठलरावांनी खर्रा या गालातून त्या गालात घेतला. "तू काहून नाही पाह्यत?"

"हात दुखते."

"मंग मी कोनाच्या भरवशावर घेऊ? बैलाच्या?"

चार माणसं हसली. विठ्ठलराव हसले नाहीत. दुसऱ्या दलालाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी काका गुरांच्या दवाखान्यात. तिथे संघदीप डॉक्टर असतात. तरुण माणूस, पण बोलतात म्हाताऱ्यासारखं, एक-एक शब्द मोजून.

"डॉक्टरसाहेब, बैलाचं तोंड आलं."

"आणला का?"

"नाही. दूर हाये."

"लाळ गळते?"

"लाळ... नाही गळत."

"पाय?"

"पाय चांगले हायेत. सायकल... चालते चांगला."

संघदीप डॉक्टरांनी पेन थांबवला. "अजून काय?"

"तोंड पुरं उघडत नाही. आन् तिखट लागते त्याले."

"बैलाले तिखट कोन देते, भीमसिंगभाऊ?"

टेबलापलीकडचा माणूस त्याच्याकडे पाहत होता, आणि काकाला कळलं की आपण ज्या नजरेने बैल पाहतो ती ही नजर.

"आ करा."

"मी?"

"बैल दूर हाये म्हनता नं. तुमीच करा."

काकाने आ केला. म्हणजे त्याच्या लेखी केला. डॉक्टरांनी मोबाइलचा उजेड आत टाकला, बराच वेळ पाहिलं.

"खुरी नाही हे. माणसाले खुरी लागत नाही म्हटलं तरी चालते."

काकाच्या छातीवरून पोतं उतरलं. त्याला हसूच आलं. ताट, तांब्या, खाट, बाजार, सगळं एका क्षणात परत मिळालं. "मी घरी सांगतच होतो साहेब, खुरी नसनच म्हून. मंग मलम देऊन द्या एखांदं."

पण डॉक्टर हसत नव्हते. ते हात धूत होते, आणि साबण लावून झाला तरी परत लावत होते.

"भाऊ, खुरी असती तं मी खुश झालो असतो," ते म्हणाले. "मी गुराचा डॉक्टर. पुढचं मी बोलत नाही. नागपूरकडची दातांच्या कॉलेजची मानसं तांड्यात तोंडं तपासाले येनार हायेत, खर्रा खानाऱ्यांची पाहणी करून राह्यले. तुमी पयल्या नंबरले बसा."

घरी येताना काकाने वाटेत दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळा आरसा.

ती माणसं आली, सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर टेबल-खुर्च्या मांडल्या. काका पहिल्या नंबरला बसला नाही. मंदिराच्या मागे उभा राहिला. प्रेरणा मॅडम म्हणून डॉक्टर होत्या, बारीक आवाजाच्या, प्रत्येकाला काका-दादा म्हणायच्या आणि मग जे म्हणतील ते ऐकावंच लागायचं. पहिली तपासणी सोपी होती. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि दातांच्या मधे घालायची. गेली तर ठीक. तांड्यात जत्रा झाली. पोरं, बाया, म्हातारे, जो तो तोंडात बोटं घालून फिरत होता आणि बोटांसकट बोलायचा प्रयत्न करत होता. "गेयी, गेयी, माह्यी गेयी."

मानीकाकीने काकाला मंदिरामागून काढून आणलं. दंडाला धरून. सगळ्यांसमोर.

काका खुर्चीत बसला. तीन बोटं जोडली, आणि दलालाने दलालाचं काम केलं. बोटं आडवी केली. आडवी बोटं कुणाच्याही तोंडात जातात. "गेली मॅडम," तो बोटांमागून म्हणाला.

"काका, आडवी नाही. उभी."

उभी दोन गेली. तिसरं दाराशी थांबलं. काकाने जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तिसरं गेलं नाही.

हसणं आपोआप कमी झालं. लोक दुसरीकडे पाहायला लागले.

"दिवसाला किती खर्रे होतात?" मॅडमनी विचारलं.

"एखांदा."

"यांचा एखांदाही गाल रिकामा नसते," मागून काकी.

"किती वर्षांपासून?"

"मिसरूड फुटाच्या आंधीपासून," काका म्हणाला.

"कोणत्या गालात ठेवता, काका?"

तोवर त्याला वाटत होतं की ते नुसती माहिती लिहून घेत आहेत, जनगणनेसारखी. या प्रश्नाला त्याला कळलं की त्या बाईला उत्तर माहीत आहे. त्याचा हात स्वतःहून डाव्या गालावर गेला.

मॅडमनी आरशाच्या छोट्या काडीने आत पाहिलं. बाजूच्या मुलाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, त्याने लिहिलं. काकाला इंग्रजी येत नाही, पण बाजारात भाव ऐकून त्याचे कान तयार आहेत. आवाज उतरला होता. आवाज उतरला म्हणजे माल खराब.

"यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात यावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासायचा. त्याशिवाय काय आहे ते कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही."

"कॅन्सर हाये का?" काकीने विचारलं. आख्ख्या तांड्यात तो शब्द तोंडाबाहेर काढणारी ती पहिली.

"तेच पाहायचंय, काकी."

घरी येऊन काका खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. आणि म्हणाला, जाणार नाही. चाकू लावला की पसरते. हे सगळ्यांना माहीत आहे. वरच्या गल्लीतल्या रामधनला चाकू लावला आणि तो गेला.

"रामधन दीड साल तोंडाले फडकं बांधून घरात लपला होता," काकी म्हणाली. "मंग चाकू लागला. चाकूनं नाही गेला तो. लपून गेला."

काका भिंतीकडे आणखी सरकला.

"तुमी बैलाले इचारता का, बापू तोंड उघडू का म्हून?"

काकी उठली, गोठ्यात गेली, आणि बैल बांधायचा कासरा घेऊन आली. तो तिने काकाच्या उशाशी ठेवला. ती न बोलता उभी होती, हीच गोष्ट काकाला इतकी नवी होती की त्याने तिच्याकडे कूस वळवली. तिचा खालचा ओठ हलत होता. चाळीस मेंढ्यांमागे धावणारी, कुत्र्याच्या तोंडातून कोंबडी ओढून आणणारी बाई. तिला भ्यालेलं त्याने पहिल्यांदा पाहिलं. मग तोही उघड उघड भ्याला. म्हणाला, "सकाळची गाडी हाये."

यवतमाळला तुकडा काढला. सुई टोचली तेवढंच दुखलं, बाकी काही नाही. खरं दुखणं पुढे होतं. उत्तर यायला दिवस लागणार होते. त्या दिवसांत काका बाजारात गेला नाही. पानठेल्यावर गेला, पन्नी घेतली, आणि शेताच्या बांधावर येऊन घोटत बसला. गालात ठेवेना, फेकेना. नुसता घोटत. कापूस वेचणाऱ्या बायांना बांधावरून तो आवाज यायचा, कचाकचा. "झाला असन थो आता मऊ, भीमसिंगभाऊ," एकीने हटकलं. त्याने वर पाहिलं नाही.

रिपोर्टच्या दिवशी दोघं बाकावर बसले. नाव पुकारायला वेळ होता. काकीने त्याचा हात धरला आणि लोक पाहतील म्हणून त्याचाच दुपट्टा वरून टाकला. काकाच्या बोटांना सवय; दुपट्ट्याखाली हात आला की ती मोजायला लागतात. एक बोट धरलं तर एवढे, दोन धरली तर तेवढे. काकीने पाचही बोटं मुठीत आवळली होती. या भावाला बाजारात अर्थ नाही.

आत प्रेरणा मॅडमच होत्या, पाहणीचे रिपोर्ट सांगायला नागपूरहून आलेल्या. कागद त्यांच्यापुढे होता. काका कागदाकडे पाहत नव्हता, त्यांच्या आवाजाची वाट पाहत होता.

"कॅन्सर नाही, काका."

आवाज उतरला नव्हता. पण चढलाही नव्हता.

"गालाच्या पेशी बिघडायला लागल्यात. तोंड आखडतंय ते खर्र्यामुळेच. खर्रा आज, आत्ता बंद. कमी नाही, बंद. ही जखम आम्ही पूर्ण काढून टाकू. तोंड उघडायचा व्यायाम रोज करायचा. आणि दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं."

"म्हंजे सुटलो?"

"आज कॅन्सर नाही."

"मॅडम, मंग उद्याचं?" काकाने विचारलं. "कागदावर असन नं काही. पुढे होनार नाही म्हून?"

मॅडमनी मान हलवली. "आजचं सांगितलं, काका. उद्याचं मी सांगू शकत नाही."

काका त्यांच्याकडे पाहत राहिला. हे वाक्य त्याने आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं, आणि लोक मान हलवून बैल घेऊन गेले होते. घरी जाईपर्यंत ते किती वेळा बैलाकडे वळून पाहत असतील, हे त्याला त्या खुर्चीत कळलं. बाहेर आला तेव्हा त्याने खिशातली पन्नी काढली आणि काकीच्या हातावर ठेवली.

जखम काढली. आता सकाळी ओसरीवर बसून तो आईस्क्रीमच्या काड्यांसारख्या चपट्या लाकडी पट्ट्या दातांमधे रचतो. एक जास्तीची सरकली की डोळे मिटतो. जिभेने गाल चाचपतो. दिवसातून कितीदा चाचपतो ते काकीला माहीत. ती लांबून पाहते आणि विचारत नाही. तपासणीचा दिवस जवळ आला की भाकर पुन्हा दुधात जाते, जखम नसली तरी.

पण बाजारात तो परत उभा आहे. तोंडं उघडतो, दात मोजतो. "पाहून घ्या, दाबून घ्या, चालवून घ्या," म्हणतो. 'आ' थोडे सुटलेत. पुढचं वाक्य तो आता म्हणत नाही.

मागच्या बाजाराला विठ्ठलराव आले. जोडी ठरली, दुपट्टा पडला, भाव झाला. विठ्ठलरावांनी खुशीत पन्नी पुढे केली. "घे. घोटून ठेवला."

"बंद केला."

खर्रा या गालातून त्या गालात गेला. "बायकोले भेला का?"

"भेलो. पन बायकोले नाही."

"मंग?"

काकाने सांगितलं. खुरीपासून सगळं. विठ्ठलराव खुरीवर इतके हसले की बैलाने कान टवकारले. "बैलाले तिखट लागते," ते पुन्हा पुन्हा म्हणाले, डोळे पुसत. "आमाले नाही होत असं काही, भीमसिंग. पोराटकीपासून खाऊन राह्यलो. लोखंड हाये लोखंड."

"तीन बोटं घाला मंग तोंडात."

"हे काय, आत्ता घालतो." विठ्ठलराव बाजूला थुंकले, पाण्याच्या बाटलीने चूळ भरली, आजूबाजूच्या लोकांना डोळा मारला. बोटं जोडून तोंडाशी नेली. दोन गेली.

ते थांबले. बोटं काढून पाहिली, जणू बोटांतच काही चूक असावी. धोतराला पुसली. परत घातली. दोन गेली.

हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्याला धरून ठेवणारं कुणी नव्हतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि हळूच मनगट वळवलं.

भीमसिंगकाकाने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आडवी नाही, विठ्ठलराव," तो म्हणाला. "उभी."